काढलं तरी परत का येतं? मुलांच्या स्वरयंत्रातल्या पॅपिलोमाविषयी एका आईला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका आईनं विचारलंय. मुलगी साडेपाच वर्षांची. दोन वर्षांची असल्यापासून आवाज घोगरा. वर्षभर दम्याची औषधं आणि नेब्युलायझर चालला. मग एका रात्री श्वास अडकला आणि दुर्बीण घालून बघितल्यावर स्वरयंत्रावर पॅपिलोमाच्या, म्हणजे चामखिळीसारख्या, गाठी दिसल्या. दोन वर्षांत पाच ऑपरेशनं झाली, दर वेळी तीन-चार महिन्यांत आवाज परत बसतो. त्या विचारतात: डॉक्टरांनी मुळापासून काढलं नाही का? याचा कॅन्सर होईल का? सासरचे म्हणतात हे माझ्यामुळं झालं, ते खरं का? लेसरनं कायमचं जातं म्हणतात, मग मुंबईला न्यावं का? आणि अकरा महिन्यांच्या धाकट्या मुलाला हे लागेल का?

ताई,

मी बेळगावात सव्वीस वर्षं कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतोय. हा आजार दुर्मिळ आहे. इतक्या वर्षांत अशी मुलं माझ्याकडं मोजकीच आली, पण जी आली त्यांना मी वर्षानुवर्षं बघत आलोय. त्यातल्या बहुतेक आयांनी पहिल्या-दुसऱ्या भेटीतच तुमच्यासारखं 'मुळापासून' विचारलंय, म्हणून तिथूनच सुरू करतो. एवढं एक नीट कळलं की बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

या गाठींना मूळ नसतं. स्वरयंत्राच्या आतलं अस्तर पातळ असतं, पेशींचे थरावर थर. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, बारीकशा ओरखड्यातून त्या अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरात शिरतो. या विषाणूचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. स्वरयंत्रातला पॅपिलोमा जवळपास नेहमी ६ किंवा ११ नंबरच्या प्रकारानं होतो, आणि ११ नंबरचा जास्त आडदांड. खालच्या पेशीत गेल्यावर तो तिला मारत नाही, रक्तातही उतरत नाही. पेशीच्या केंद्रात त्याच्या डीएनएचं एक छोटं कडं पडून राहतं. पेशी वरच्या थराकडं सरकायला लागली की त्याची वाढ सुरू होते आणि अगदी वर, जिथून पेशी आपोआप झडून जातात तिथं नवे विषाणू तयार होतात. रक्तात न जाता, पेशी न फोडता हे चालत असल्यामुळं शरीराच्या पहारेकऱ्यांना बराच काळ पत्ताच लागत नाही. मधल्या मधे अस्तराला घड्या पडतात, बोटांसारखे कोंब फुटतात, प्रत्येक कोंबात एक रक्तवाहिनी. दुर्बिणीतून ते तुतीच्या फळांच्या घोसासारखं दिसतं.

आता महत्त्वाची गोष्ट. गाठीशेजारचं जे अस्तर दुर्बिणीत गुळगुळीत, गुलाबी, निरोगी दिसतं, त्यातही विषाणू असतो. झोपलेला असतो, पण असतो. तुमच्याकडं पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ चढतं बघा. ते खरवडून काढता येतं, पण चिऱ्यात मुरलेली ओल खरवडता येत नाही. ओल काढायची म्हणून खरवडत बसलात तर भिंत जाईल. तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी दिसतं तेवढं काढलं आणि बाकीच्याला हात लावला नाही, तर त्यांनी अर्धवट काम केलं असं नाही. नेमकं तेच करायचं असतं.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत चंदगड भागातला एक सात वर्षांचा मुलगा आला होता. चौथं ऑपरेशन. मला वाटलं, या वेळी असं साफ करू की परत यायलाच नको. दोन्ही स्वरतंतू पुढच्या बाजूला जिथं एकमेकांना भिडतात, त्या कोपऱ्यात दोन्हीकडचं एकाच वेळी खोलवर काढलं. ऑपरेशन झाल्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं आणि मी समाधानानं बाहेर आलो. सहा आठवड्यांनी बघितलं तर समोरासमोरच्या दोन जखमा एकमेकींना चिकटून मधे पडदा तयार झालेला. पॅपिलोमा तर पाच महिन्यांत परत आलाच. पुढं काही वर्षांनी आजार थंडावला, पण त्याचा आवाज आजही कुजबुजीच्या वर चढत नाही. तो व्रण विषाणूनं दिलेला नाही, माझ्या चाकूनं दिलेला आहे. तेव्हापासून मी त्या कोपऱ्यात एका वेळी एकाच बाजूला हात घालतो, आणि गरज पडली तर थोडा पॅपिलोमा जाणूनबुजून मागं ठेवतो. मागं ठेवलेला पॅपिलोमा पुढच्या वेळी काढता येतो, व्रण झालेला स्वरतंतू नवा करून मिळत नाही.

म्हणून या आजारात ऑपरेशनचा हेतू दोन गोष्टींपुरता: श्वासाची वाट मोकळी ठेवणं आणि आवाज जपणं. विषाणू संपवणं हा ऑपरेशनचा हेतूच नाही. पाच ऑपरेशनं झाली म्हणजे पाच वेळा अपयश आलं, असा हिशोब करू नका. पाच वेळा मुलीचा श्वास मोकळा झाला.

लेसरचंही याच अंगानं बघा. लेसर हे कापायचं, जाळायचं हत्यार आहे, विषाणूवरचं औषध नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरनं रक्त कमी येतं, काम नेमकं होतं. पण त्याची आच खालच्या थरात गेली तर व्रण होतो, श्वासनलिकेतल्या ऑक्सिजनमुळं आग लागण्याचा धोका सांभाळावा लागतो, आणि निघणाऱ्या धुरात या विषाणूचा डीएनए सापडलेला आहे, म्हणून धूर ओढून घेणारं यंत्र लागतं. दुसरं साधन मायक्रोडिब्रायडर. फिरत्या पात्याची ही बारीक नळी गाठ खुडते आणि लगेच आत ओढून घेते. मोठे घोस असतील तर मला तेच बरं वाटतं. कमी उष्णतेनं गाठ विरघळवणारं कोब्लेशन आहे, आणि साधी बारीक कात्री-चिमटाही आहे. यातल्या कशानंही आजार 'कायमचा' जात नाही. कोण कशानं काढतं यापेक्षा काढणाऱ्याचा हात लहान मुलांच्या स्वरयंत्रावर किती बसलाय, आणि त्याच्यासोबतच्या भूलतज्ज्ञाला अशा मुलांची सवय आहे का, हे जास्त मोलाचं. ऑपरेशन ज्या नळीत करायचं त्याच नळीतून मुलीनं श्वास घ्यायचा असतो. भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना ती एकच वाट वाटून घ्यावी लागते. ही जोडी जमलेली असेल तर ती मोडू नका.

मुंबईला नेऊ का, याचं उत्तर: लेसरसाठी म्हणून नको. आपल्या सीमाभागातली सवय मला चांगली माहीत आहे. एक ऑपरेशन बेळगावात, दुसरं मिरजेला, कुणी सांगितलं म्हणून तिसरं गोव्यात बांबोळीला, पाहुणे आहेत म्हणून चौथं कोल्हापुरात. त्यामागची माया मला कळते. पण प्रत्येक ठिकाणी कागद नव्यानं सुरू होतो, एकीकडचं डिस्चार्ज कार्ड दुसरीकडं पोचत नाही, आणि मागच्या वेळी गाठी कुठं, किती होत्या हे नव्या सर्जनला कळतच नाही. या आजाराचा अंदाज एका तपासणीवरून येत नाही, दोन ऑपरेशनांमधल्या अंतरावरून येतो. अंतर वाढतंय की कमी होतंय, गाठी वरच्या वर आहेत की खाली श्वासनलिकेत उतरायला लागल्यात, यावर पुढचं सगळं ठरतं. स्वरयंत्राचा एकेक भाग घेऊन त्याला ० ते ३ गुण द्यायची एक पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगा की दर ऑपरेशनच्या नोंदीत ते गुण लिहा आणि जमलं तर ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये द्या. एक जाड फाईल करा, तारखेप्रमाणे लावा, आणि कुठंही गेलात तरी ती हातात असू द्या. मोठ्या केंद्रात जायची वेळ वेगळ्या कारणांनी येते. वर्षाला चारपेक्षा जास्त ऑपरेशनं लागायला लागली, गाठी श्वासनलिकेत किंवा फुफ्फुसात उतरल्या, किंवा खाली सांगतोय त्या औषधाचा विचार करायची पाळी आली, तर जरूर जा. तुमच्या हिशोबानं सध्या वर्षाला अडीच ऑपरेशनं पडतात. हे कमी नाही, पण हाताबाहेर गेलेलंही नाही.

आता सासरच्यांच्या बोलण्याविषयी. हे मी तुम्हाला लिहितोय, पण घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे बरं.

लहान मुलांमध्ये हा विषाणू बहुतेक वेळा बाळंतपणात आईच्या जननमार्गातून बाळाच्या घशात जातो, हे खरं आहे. तुमच्यापासून काही लपवायचं नाही. पण यातून दोष काढणं सर्वस्वी चूक आहे. एचपीव्ही इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकांना काही होत नाही, कळतही नाही, शरीर एक-दोन वर्षांत तो दाबून टाकतं. तो बाईच्या अंगात आपोआप उगवत नाही. पुरुषाकडून बाईकडं आणि बाईकडून पुरुषाकडं जातो. त्यावरून कुणाच्या वागण्याचा निवाडा करता येत नाही. ज्या आयांना गरोदरपणात जननमार्गावर डोळ्यांना दिसतील अशा चामखिळी होत्या, त्यांच्याही मुलांत हा आजार किती जणांना झाला, याची डेन्मार्कमध्ये मोठी पाहणी झाली. दर १,००० बाळंतपणांमागं साधारण ७. म्हणजे विषाणूशी संबंध येऊनही बाकीची सगळी मुलं ठीक राहिली. मग या मोजक्या मुलांनाच का होतं? त्यांच्या प्रतिकारशक्तीला हा एक विषाणू नीट ओळखता येत नाही, एवढं दिसतं. ते बऱ्याच अंशी जन्मतः ठरलेलं असावं. पहिलं बाळंतपण, नैसर्गिक प्रसूती आणि आई वयानं लहान, या तीन गोष्टी या मुलांच्या बाबतीत एकत्र दिसतात, कारण पहिल्या खेपेला कळा जास्त वेळ चालतात आणि बाळ त्या वाटेत जास्त काळ राहतं. आई वयानं लहान असण्यात तरी दोष कुणाचा? 'सिझेरियन केलं असतं तर?' असंही कुणी म्हणेल. सिझेरियननं जन्मलेल्या मुलांनाही हा आजार झालेला आहे, आणि निव्वळ या कारणासाठी सिझेरियन करा असं प्रसूतितज्ज्ञ सांगत नाहीत.

तुम्ही त्या वेळी काही केलं म्हणून किंवा काही केलं नाही म्हणून हे झालेलं नाही. माझ्या ओपीडीत एक आई तीन वर्षं मुलाच्या प्रत्येक ऑपरेशनच्या दिवशी उपास करायची. विचारलं तर म्हणाली, प्रायश्चित्त. तिला हे सगळं मी पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं, कारण विषय अवघड वाटला. म्हणून आता न विचारता सांगतो.

हा संसर्ग आहे हे डॉक्टरांना कळायलाही बराच काळ लागला. १९२३ मध्ये उलमन नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाच्या स्वरयंत्रातली गाठ वाटून तिचा अर्क स्वतःच्या हातात टोचून घेतला आणि तिथं चामखिळी उठल्या, तेव्हा ते पटलं. ११ नंबरचा विषाणू तर १९८२ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटानं स्वरयंत्रातल्या अशाच गाठीतून वेगळा केला. त्सुर हाउझेन यांना पुढं २००८ चं नोबेल मिळालं, एचपीव्हीमुळं गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो हे दाखवल्याबद्दल. तो कॅन्सर करणारे प्रकार मुख्यतः १६ आणि १८ नंबरचे. तुमच्या मुलीच्या घशात बहुधा ६ किंवा ११ आहे, आणि हे कमी धोक्याचे प्रकार आहेत. कॅन्सर होतच नाही असं मी म्हणणार नाही. फार थोड्या जणांत, बहुतेक वेळा बरीच वर्षं आजार राहिल्यावर किंवा तो फुफ्फुसात गेल्यावर होतो. म्हणून दर ऑपरेशनचा तुकडा तपासायला पाठवायचा आणि तो रिपोर्ट फाईलला लावायचा. तुकडा पाठवायचा म्हणाले म्हणजे डॉक्टरांना संशय आला असं समजून घाबरू नका. तो नेम आहे.

दम्याबद्दल थोडं, कारण तुमचं वर्ष त्यात गेलं आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं जाऊ नये. दम्यात श्वास बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. स्वरयंत्रात अडथळा असेल तर श्वास आत घेताना आवाज येतो, आणि वाढत गेला तर दोन्ही वेळी. दम्यानं आवाज घोगरा होत नाही. ज्या मुलाचा आवाज तीन-चार आठवड्यांच्या वर बसलाय त्याला 'ओरडतो म्हणून', 'गणपतीत घसा बसला', 'निपाणीच्या तंबाखूची धूळ' अशी कारणं लावत थांबू नका, स्वरयंत्र बघून घ्या. नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून जागेपणीच बघता येतं. मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतं, एक मिनिट रडतं आणि काम होतं. लहान मुलांत उशीर महागात पडतो, त्याचं कारण साधं गणित आहे. तान्ह्या मुलाच्या स्वरयंत्राखालची वाट जेमतेम ४ मिलिमीटरची असते. चारी बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर व्यास २ उरतो, आणि हवा जायची जागा पाव राहते. मोठ्या माणसाला तेवढ्या सुजेनं फक्त खाकरावंसं वाटेल.

यासाठीच तुम्हाला पावसाळ्याची आठवण करून देतो. जून ते सप्टेंबर तुमच्याकडं धो-धो पाऊस, मुलांना सर्दी लागलेली. गाठींनी आधीच अरुंद झालेल्या वाटेत सर्दीची सूज आली की दोन तासांत चित्र बदलतं, आणि जांबोटीकडच्या एखाद्या वाडीतून रात्री गाडी मिळून बेळगाव गाठेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. मेच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या आधी दुर्बीण तपासणी करून घ्या. वाट अरुंद वाटली तर पावसाआधीच ऑपरेशन उरकून घेतलेलं चांगलं. झोपेत तिच्या श्वासाचा आवाज महिन्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यावरून मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फरक लगेच कळतो. श्वास घेताना गळ्याच्या खालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जायला लागली, आडवं झोपवेना, ओठ काळेनिळे दिसले, किंवा इतका वेळ धडपडणारं मूल एकदम गप्प, मलूल झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि निघा. तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: 'हिला स्वरयंत्रात पॅपिलोमा आहे, हा दमा नाही.' फाईल पुढं करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी, हा उपाय या आजारात शक्यतो टाळतात. जीव जात असेल तर करावीच लागते, तेव्हा सही करायला कचरू नका. पण रोजची सोय म्हणून नको. हा पॅपिलोमा दोन वेगळ्या जातींची अस्तरं जिथं भेटतात त्या सांध्यावर धरतो. म्हणून तर त्याला स्वरतंतूंच्या कडा आवडतात. गळ्याला भोक पाडलं की श्वासनलिकेत असाच एक नवा सांधा आपण त्याला तयार करून देतो आणि आजार खाली उतरतो. नळी बसवलीच असेल तर होईल तेवढ्या लवकर काढायची.

औषधांचं सांगतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, ताप यायचा, अंग मोडून यायचं, थांबवलं की आजार परत. नंतर सिडोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध ऑपरेशनच्या वेळी गाठीच्या जागी टोचायला लागले. काहींना उपयोग होतो. गेल्या काही वर्षांत खरा फरक पडलाय तो बेवासिझुमॅबनं. हे मुळात कॅन्सरचं औषध आहे, नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. मघाशी सांगितलं की पॅपिलोमाच्या प्रत्येक कोंबात एक रक्तवाहिनी असते, तिलाच ते आवळतं. सलाईनमधून साधारण तीन आठवड्यांनी एकदा देतात. ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी ऑपरेशन लागायचं अशा मुलांचे घोस दोन-तीन डोसांत आक्रसलेले दिसतात, आणि श्वासनलिकेत-फुफ्फुसात जिथं चाकू पोचत नाही तिथंही ते पोचतं. पण बंद केलं की बऱ्याच जणांत आजार हळूहळू परत येतो, रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासत राहावी लागतात, आणि वाढत्या वयाच्या मुलांना ते वर्षानुवर्षं द्यायचं तर विचारपूर्वक द्यावं लागतं. तुमच्या मुलीला आज ते लागेल असं मला वाटत नाही. अंतर दोन महिन्यांवर आलं तर मात्र तुम्ही स्वतः डॉक्टरांसमोर हे नाव काढा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत याच आजारासाठी बनवलेल्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. ते प्रतिकारशक्तीला ६ आणि ११ नंबरचा विषाणू ओळखायला शिकवतं. बारा आठवड्यांत चार इंजेक्शनं. ज्या ३५ जणांवर चाचणी झाली त्यांतल्या १८ जणांना पुढचं वर्षभर ऑपरेशन लागलं नाही. ते फक्त मोठ्या माणसांसाठी आहे, पण वाट दिसायला लागली हे खरं.

चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, चुना-सोडा लावतात, म्हणून घशातल्यालाही काहीतरी गावठी असेल असं तुम्हाला कुणी सांगेल. हाताच्या चामखिळी एचपीव्हीच्याच, पण वेगळ्या नंबरच्या प्रकारांनी होतात. त्यांचा याच्याशी संबंध नाही. घशात काही लावायला, फुंकायला देऊ नका. गोळ्या-पुड्यांविषयी एवढंच सांगेन: हा आजार काही मुलांत वय वाढेल तसा, बऱ्याचदा वयात येण्याच्या सुमाराला, आपणहून थंडावतो. त्या काळात जे औषध चालू असेल त्याला यश मिळतं. कुठलीही पुडी चालू असली तरी दुर्बीण तपासणी चुकवायची नाही, ही अट पाळा.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण पाच ऑपरेशनांनंतर ती असणारच. कर्नाटकाचं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड असेल तर ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात, कुठल्या पॅकेजमध्ये बसतं हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्रांकडून लिहून घ्या. जिल्हा रुग्णालयाचं रेफर पत्र लागतं का, तेही विचारा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. तुमचं गाव त्या यादीत असेल तर कोल्हापूर-मिरजेला जाताना कागदपत्रं बरोबर ठेवा आणि रुग्णालयाला आधी फोन करून खात्री करा. कानडीतले कागद महाराष्ट्रात आणि मराठीतले इकडं अडतात, हा आपला नेहमीचा त्रास. डॉक्टरांकडून एक पानभर इंग्रजी सारांश मागून घ्या, तो दोन्हीकडं चालतो.

लसीबद्दल मी थोडा आग्रहानंच बोलतो. एचपीव्हीची चार प्रकारांवरची लस २००६ पासून जगात आहे. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ चारही येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅकही याच चार प्रकारांवरची, २०२३ पासून मिळते, आणि मुलगे-मुली दोघांनाही देता येते. सर्व्हारिक्स नावाची जुनी लस फक्त १६ आणि १८ वरची आहे, ती या आजाराला रोखणार नाही, म्हणून लस घेताना नाव विचारून घ्या. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, त्यापुढं तीन. ऑस्ट्रेलियानं २००७ पासून शाळकरी मुलींना ही लस दिली. तिथं या आजाराचं नव्यानं निदान होणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१२ मध्ये लाखाला ०.१६ होतं, ते २०१६ मध्ये ०.०२ वर आलं. आजारी पडलेल्या त्या मुलांपैकी एकाच्याही आईनं गरोदरपणाआधी लस घेतलेली नव्हती. मुलींना दिलेली लस पुढं त्यांच्या बाळांचा घसा वाचवते, हे आकड्यांतून एवढं स्वच्छ दिसलेलं मी क्वचितच बघितलंय. तुमच्या घरात, भावकीत नऊ वर्षांच्या पुढच्या मुली-मुलगे असतील त्यांना द्या. तुमच्या लेकीला नऊ पूर्ण झाली की तिलाही द्या. झालेला आजार लसीनं जाईल असं वचन मी देत नाही. काही मुलांत लसीनंतर ऑपरेशनांमधलं अंतर वाढलेलं आहे, काहींत काहीच फरक पडलेला नाही. पण १६ आणि १८ पासून तर ती वाचेल.

शाळेचं एक राहिलं. तिच्या बाईंना जाऊन भेटा. आवाज बसलाय म्हणून कविता म्हणायला उभं न करणं, किंवा मुलं हसतात म्हणून मागच्या बाकावर बसवणं, असं होऊ देऊ नका. हे बोलण्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं, एका भांड्यातून पाणी प्यायल्यानं लागत नाही. तेही बाईंना स्पष्ट सांगा. ओरडायला मनाई करा, बोलायला नको. ऑपरेशननंतर आठवडाभर जपून, हळू आवाजात बोलू द्या, पण कुजबुजायला लावू नका, त्यात स्वरतंतूंना जास्त ताण पडतो. दोन ऑपरेशनांच्या मधे आवाजाचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट बेळगावातच आहेत.

धाकट्याविषयी. भावंडांना एकमेकांपासून हा आजार झाल्याचं मी अजून बघितलेलं नाही, आणि एका घरात दोघांना होणं फार विरळ आहे. दोघांना एकत्र झोपवा, खेळवा, एका ताटात जेवू द्या. तो मोठ्यानं, खणखणीत रडतो का, एवढं बघा. रडणं खणखणीत असेल तर त्याला दुर्बीण घालायची काही गरज नाही. आवाज बसल्यासारखा वाटला आणि पंधरा दिवसांत सुटला नाही, तर तिच्या पुढच्या तपासणीला त्यालाही बरोबर आणा. एकाच फेरीत दोघांना बघता येईल.